वावर दोघांचं, हिशेब कुणाचा?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शेतकऱ्याच्या घरात सगळंच एकदम येतं. पोरांची फी, वह्या-पुस्तकं, सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या कागदांवरच्या सह्या. नवरा-बायकोची वर्षातली मोठी भांडणं याच दिवसांत होतात. बाहेरून बघणारा म्हणतो, पैसा कमी म्हणून भांडतात. पैसा कमी असतोच. पण चार एकर बागायत आहे, उसाचं बिल वेळेवर येतं, अशा घरांतही तीच भांडणं तितक्याच जोरात होतात. माझं मत असं आहे की भांडणाचं मूळ बहुतेक वेळा पैसा किती आहे यात नसतं. येणं किती, देणं किती, कुणाचं आणि कधी, हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं, तिथे ते असतं. दुसऱ्याला फक्त 'नाहीयेत पैसे' एवढंच ऐकू येतं. उद्या मोटारसायकलचा हप्ता भरलेला दिसला की तो किंवा ती समजते, आपल्याशी खोटं बोललं गेलं.

म्हणून हा लेख बचतीचा नाही. शेतकरी जोडप्याच्या घरात पैसा कसा फिरतो, तो दोघांना कसा दिसत नाही आणि दिसायला लागल्यावर काय बदलतं, हे सांगण्याचा प्रयत्न आहे.

पगाराची तारीख नसलेलं घर

पैशाचे छापील सल्ले नोकरदारांसाठी असतात. दर महिन्याला पगारातले वीस टक्के बाजूला टाका, वगैरे. ज्या घरात 'दर महिन्याला' हा प्रकारच नाही, तिथे याचा काय उपयोग?

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. कारखान्याने ऊस नेल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यावी आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता, येते, बाकीची वाट बघायची असते आणि जे बिल निघतं त्यातून सोसायटीचं कर्ज आधीच कापलेलं असतं. घरात बायकोने ऐकलेला आकडा असतो टनाला इतके गुणिले टन. नवऱ्याच्या हातात येतो तो कपातीनंतरचा. दोन्ही आकडे खरे असतात आणि दोघांच्या मनात दोन वेगवेगळी वर्षं सुरू होतात.

नाशिककडे उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तो लगेच विकायचा की कांदा साठवायच्या चाळीत भरून दिवाळीपर्यंत थांबायचं, हा घरातला खरा वाद. बहुतेक घरांत ती म्हणते, निम्मा काढून टाका, दुकानदाराची उधारी तरी मिटेल. तो म्हणतो, थांब जरा, पावसाळ्यात भाव चढतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण २०२३ साल आठवा. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये सरळ निर्यातबंदी आली आणि ती उठली २०२४ च्या मे महिन्यात. भाव दिल्लीत पडला, भांडण निफाड-चांदवडच्या घरात झालं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य त्या वर्षी किती घरांत बोललं गेलं असेल! सरकारचा निर्णय घराच्या आत येईपर्यंत नवऱ्याची चूक होऊन बसतो. कधी उलटही होतं. तिच्या आग्रहाने लवकर विकला आणि नंतर भाव दुप्पट झाला, की ते तिला चार वर्षं ऐकवलं जातं.

यावर अनुभवी घरं एक करतात. माल विकायचा निर्णय एका फटक्यात घेतच नाहीत. चाळ भरतानाच ठरवून टाकतात की एवढे क्विंटल देण्यांसाठी लगेच जातील, एवढे थांबतील. थांबलेल्या मालाचं बरं-वाईट काहीही झालं तरी तो निर्णय दोघांचा. यात पैसे वाढतीलच असं नाही. भाव पडल्यावर एकमेकांकडे बोट दाखवायची सोय मात्र राहत नाही.

दुधाचं वेगळं आहे. दूध संस्थेचं बिल बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी येतं, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात आणि नगरकडे असंख्य घरांत एक न बोललेली वाटणी झालेली असते. दुधावर घर, पिकावर शेत. किराणा, दवाखाना, शाळेची रिक्षा दुधातून. खत, औषध, मशागत, कर्जाचे हप्ते पिकातून. ही वाटणी चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. शेण काढणं, धारा, वैरण-पाणी यातलं बरंचसं काम बाई करते आणि संस्थेचं सभासदत्व असतं त्याच्या नावावर. बिल त्याच्या खात्यात पडतं, पेंडीचे पैसे त्यातून आधीच कापले जातात आणि उरलेले ती 'मागून घेते'. स्वतःच्या कष्टाचा पैसा मागून घ्यावा लागणं हे दहा दिवसांनी एकदा, म्हणजे वर्षातून छत्तीस वेळा घडतं. खटका उडायला एवढं पुरे. सभासदत्व तिच्या नावावर करायला फार खटपट लागत नाही, तरी ते होत नाही. कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

पिकाचा एकरकमी पैसा येतो तेव्हा काय करायचं, याचं साधं उत्तर आहे. घरखर्च हाही शेताचा खर्च धरायचा. खताची उधारी जशी आधी देतो, तसे पुढच्या सहा महिन्यांचे घराचे पैसे आधी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते खातं तिच्या हातात ठेवायचं. उरलेल्यात शेती. 'आधी शेत, उरलं तर घर' असं चालवलेल्या घरात शेताची भूक कधी संपत नाही. बोअर आहे, ठिबक आहे, शेजाऱ्याने घेतलेला रोटाव्हेटर आहे.

कागदावर असलेली, हातात न येणारी मजुरी

केंद्र सरकार हमीभाव ठरवतं तेव्हा कृषी मूल्य आयोग पिकाचा उत्पादन खर्च तीन तऱ्हांनी मोजतो. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च: बियाणं, खत, औषध, मजूर, डिझेल. त्यात घरच्या माणसांच्या बिनपगारी कष्टाची अंदाजे मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफ-एल. आणखी जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याज धरलं की सी-टू. २०१८-१९ पासून सरकार जो 'दीडपट' हमीभाव म्हणतं तो मधल्या खर्चावर. स्वामिनाथन आयोगाची शिफारस उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के अशी होती, तो खर्च सी-टूच धरावा असं शेतकरी संघटना म्हणतात आणि त्यांचं भांडण त्यावरच आहे. ते राजकारण इथे बाजूला ठेवू. आपल्या कामाचं त्यातलं एफ-एल आहे. घरच्या बाईच्या खुरपणीची किंमत सरकार कागदावर धरतं. घरातल्या वहीत मात्र ती शून्य असते.

एक हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले घालून बघा. एक एकर सोयाबीन, सात क्विंटल उतारा, ४,२०० रुपये भाव. विक्रीची पट्टी झाली २९,४०० ची. खर्च: मशागत ४,५००, बियाणं ३,०००, खत ३,५००, फवारणी ३,०००, बाहेरच्या बायकांची खुरपणी ४,०००, काढणी ५,०००, मळणी २,०००, वाहतूक-हमाली १,०००. एकूण २६,०००. उरले ३,४००. नवरा म्हणतो, 'चला, तोटा तर नाही झाला.' आता घरची मजुरी धरा. ती पंधरा दिवस राबली, ३०० रुपये रोजाने ४,५००. तो दहा दिवस, ५०० रुपयांनी ५,०००. (रोजात हा फरक का, हे दोघांनीही कधीतरी विचारायला हरकत नाही.) घरची मजुरी झाली ९,५००. म्हणजे एकरी ६,१०० रुपये तोटा, आणि तो दोघांच्या अंगावर पडला. दुकानदाराने, मळणीवाल्याने, टेम्पोवाल्याने आपले पैसे घेतले. फक्त या दोघांना मजुरी मिळाली नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली रेंगाळत होता, त्या वर्षीच्या अनेक घरांचं गणित याहून फार वेगळं नसेल.

हा हिशेब मांडल्यावर नवरा-बायकोत काय होतं, ते बघण्यासारखं असतं. 'तू दिवसभर करतेस काय' हा प्रश्न विचारता येत नाही. आणि तिच्याकडूनही 'तुम्हाला शेती करताच येत नाही' हे म्हणता येत नाही, कारण तोटा कुठे झाला ते समोर असतं. पुढचा प्रश्न आपोआप येतो: हाच एकर आपण का पेरतोय? तिने तेच पंधरा दिवस दुसऱ्याच्या शेतात रोजाने काम केलं असतं तर? हा प्रश्न कटू आहे, पण काल्पनिक नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८-१९ च्या फेरीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरी-नोकरीतून ४,०६३. शेतकऱ्याचं घर पिकापेक्षा मजुरीवर जास्त चालतं, हे सरकारचंच मोजमाप आहे.

देणं किती आहे, हे कुणाला माहीत आहे?

शेतकरी घरातलं कर्ज एका जागी नसतं. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज. कृषी सेवा केंद्राची उधारी, तिच्यावर न बोललेलं व्याज. सोनं तारण. मेव्हण्याकडून हातउसने. आडत्याकडून उचल. आणि अलीकडे तिच्या नावावरचं गटाचं कर्ज, कधी बचतगटाचं, कधी मायक्रोफायनान्स कंपनीचं.

यातल्या पीककर्जाचं गणित सगळ्यात स्वस्त आहे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. वेळेत भरलं तर केंद्राची तीन टक्के सवलत लागू होते आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे उरलेलं व्याजही माफ होऊन ते शून्य टक्क्यावर येतं. अट एकच, मुदतीत भरणं. म्हणून मार्चअखेरीला गावोगावी 'नवं-जुनं' चालतं. कुठूनतरी चार-आठ दिवसांसाठी पैसे उभे करायचे, जुनं कर्ज भरून दाखवायचं, नवं उचलायचं, उसने परत करायचे. कागदावर कर्ज फिटलेलं दिसतं, घरात ते जसंच्या तसं असतं. आणि ते चार-आठ दिवसांचे पैसे कुठून येतात? पुष्कळदा तिच्या अंगावरच्या सोन्यातून. पाटल्या बँकेत जातात, 'पंधरा दिवसांत सोडवतो' म्हणून. काही सुटतात. काहींवर व्याज चढत जातं आणि एखाद्या दिवाळीला तिला कळतं की त्या मोडल्या.

इथे मी स्पष्ट बाजू घेतो. सोनं शेतीत घालणं चुकीचं नाही, अडीनडीला तेच उपयोगी पडतं. न सांगता घालणं चुकीचं आहे. कायद्यानेही लग्नात तिला मिळालेले दागिने तिचे असतात, घराचे नसतात. ती स्वतःहून देते तेव्हा ते तिने घरच्या शेतीला दिलेलं भांडवल आहे. वहीत तसं लिहावं आणि पीक आल्यावर सोसायटीच्या पाठोपाठ ते सोडवावं.

लपवणं एका बाजूनेच चालतं असं समजू नका. गटाचं कर्ज ती उचलते, कारण ते तिलाच मिळतं. पैसा जातो त्याच्या बोअरला, नाहीतर तिच्या भावाच्या अडचणीला. हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा, उत्पन्न वर्षाचं. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसरा गट. हे नवऱ्याला कळतं तेव्हा वसुलीचा माणूस ओट्यावर बसलेला असतो.

यावर उपाय फार साधा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. एका कागदावर सगळी देणी लिहायची: कुणाचं, किती, कशावर, व्याज काय, कधी द्यायचं. दोघांनी एकत्र बसून, एकमेकांना न टोचता. पहिल्यांदा लिहिताना दोघांनाही धक्का बसतो, कारण बेरीज कुणीच केलेली नसते. ती झाली की क्रम लावता येतो. सगळ्यात महाग व्याजाचं आधी फेडायचं, ओरडणाऱ्याचं आधी नव्हे. बिनपरवाना सावकाराचा पैसा असेल तर तो वेगळा मांडा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. ही गोष्ट बायकोला माहीत असेल तर ती नवऱ्याला एकट्याने त्या माणसासमोर जाऊ देणार नाही.

विदर्भ-मराठवाड्यात आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायकांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं एक वास्तव आहे. कर्जाचा खरा आकडा त्यांना नवरा गेल्यानंतर कळला, दारात आलेल्या माणसांकडून. कर्जाचा कागद दोघांनी मिळून लिहिला म्हणून कर्ज कमी होत नाही. पण एकट्याच्या डोक्यावरचा भार दोघांच्यात येतो. झोप उडालेली असेल, माणूस बोलेनासा झाला असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

सातबाऱ्यावरचं नाव

आता सगळ्यात नाजूक विषय. जमिनीवर राबतात दोघं, नाव मात्र बहुधा एकाचंच असतं. तेही पुष्कळदा नवऱ्याचं नसतं, सासऱ्याचं असतं. वयाची पंचेचाळिशी आली तरी कागदावर 'शेतकरी' नसलेला नवरा आणि त्याची बायको, अशी लाखो जोडपी आहेत. अशा घरात नवरा-बायकोने एकमेकांशी कितीही पारदर्शक व्हायचं ठरवलं तरी पीककर्ज वडलांच्या खात्यावर आणि विम्याचे पैसेही तिकडेच. भांडण मग नवरा-बायकोचं दिसतं, असतं मात्र बाप-लेकाचं.

नावाने काय अडतं? पीककर्ज, पीकविमा, अवजारांचं अनुदान, शेतकरी ओळख क्रमांक, सगळं सातबाऱ्याला बांधलेलं आहे. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एका कुटुंबाला एकदाच येतात, म्हणजे व्यवहारात ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात. अपवाद म्हणून एक चांगली गोष्ट सांगायला हवी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत खातेदाराबरोबर त्याच्या घरातल्या नाव नसलेल्या एका व्यक्तीलाही संरक्षण आहे. शेतात साप चावून, वीज पडून बाई गेली तर दोन लाखांचं अनुदान मागता येतं. अनेक घरांना हे ठाऊकच नसतं.

महाराष्ट्रात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. लाखोंच्या संख्येने शेतकरी बायका आल्या होत्या. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली: नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा काही तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. ज्या गावात शंभर जणांनी तसं केलं, त्या गावाचा संघटनेकडून सन्मान व्हायचा. पुढे १९९२ साली सरकारने परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्याने अर्ज केला की त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. गावच्या तलाठ्याकडे, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यायचा. दुसरा मार्ग बक्षीसपत्राचा. नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा आणि स्थानिक कराचा थोडा खर्च वेगळा. त्या तुकड्याची ती स्वतंत्र मालक होते.

पुरुषांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. 'उद्या नांदली नाही तर?' हा प्रश्न पारावर विचारला जातो. सहहिस्सेदार झाल्यावर विकताना, गहाण ठेवताना तिची सही लागणार, हे खरं आहे. पण नेमका तोच तर फायदा आहे. दारूच्या नशेत किंवा सावकाराच्या दबावाखाली जमीन रातोरात जात नाही. ती सही त्याचंही रक्षण करते.

नाव लावलं नाही आणि नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू कायद्याने त्याच्या हिश्श्याचे वारस बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असे सगळे समान. 'आई' हा शब्द अनेक सुनांना तलाठ्यासमोर पहिल्यांदा कळतो. जमिनीचा हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. दुःखात ते राहून जातं आणि मग दिराच्या मर्जीवर वर्षं जातात.

आणखी एक गाठ. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ ला वडील हयात असण्याची अट नाही. कागदावर प्रश्न मिटला. घरात काय होतं? नणंदेने हक्कसोडपत्रावर सही करावी म्हणून नवरा धडपडतो, बायको त्याला साथ देते. त्याच वर्षी तिचे भाऊ तिच्याकडे तसंच पत्र घेऊन येतात. साडी-चोळी होते, माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. आता नवरा म्हणतो, 'तू तुझा हिस्सा सोडलास, माझी बहीण मात्र मागतेय.' ही दोन भांडणं एकाच वेळी, एकाच मापाने बोलली पाहिजेत. नणंदेला हिस्सा नाकारायचा आणि बायकोला तिच्या माहेरचा आणायला सांगायचं, हे चालत नाही. उलटही नाही. जिथे जमीन तोडून देणं परवडत नाही, तिथे बहिणीला हिश्श्याच्या बदल्यात ठरावीक रक्कम हप्त्याने, लेखी करून, नोंदवून देणारी घरं आहेत. त्या घरांतली बहीण दिवाळीला येते.

भांडण कधी आणि कसं

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत, उसाची टोळी दारात असताना, कांदा काढणीत नवरा-बायको जे एकमेकांना बोलतात, ते मोजायचं नसतं. अंगात थकवा असतो. दारात तोड आली असताना 'तुमच्या आईने मला कधी…' हा विषय निघाला तर तो थकव्याचा समजून रात्रीपुरता सोडून द्यावा. पण सोडून दिलेला विषय पुन्हा कधी काढायचा हे ठरलेलं नसेल, तर तो साठत जातो. काही जोडप्यांनी बाजाराचा दिवस ठरवला आहे. आठवडी बाजाराला दोघं बरोबर जातात, येताना रसवंतीवर बसतात आणि तिथे बोलतात. घरात सासू-सासरे, पोरं, भिंतीला कान. गाडीवर मात्र दोघंच.

मोठ्या खर्चाला एक रेघ ओढून ठेवणं फार उपयोगी पडतं. समजा दहा हजार. त्याच्यावरचा कोणताही खर्च, मग तो फवारणी पंपाचा असो की भाच्याच्या बारशातल्या सोन्याचा, दुसऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय नाही. त्याच्याखाली कुणी कुणाला विचारायचं नाही. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. तिने दोनशेची बांगडी घेतली याचा हिशेब विचारणारा नवरा आणि चहाच्या टपरीचे पैसे मोजणारी बायको, दोघंही खऱ्या खर्चाकडे बघायचं टाळत असतात.

आणि एक भेद ठेवावा लागतो. मतभेद वेगळा, दडपशाही वेगळी. पैसे रोखून धरणं, तिचं एटीएम कार्ड काढून घेणं, तिचे दागिने परस्पर विकणं याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आर्थिक छळ म्हणतो. अशा घरात वही आणि बाजाराचा दिवस यांचा उपयोग नाही. तिथे १८१ ही महिला मदतवाहिनी आहे.

कशासाठी करायचं हे सगळं?

गावात अलीकडे हमखास दिसणारी एक विसंगती आहे. मुलगा शेती करतो म्हणून त्याला मुलगी मिळत नाही, यावर घरचे हळहळतात. त्याच घरातली आई स्वतःच्या मुलीसाठी मात्र पुण्यातला नोकरीवाला शोधते. तिला ढोंगी म्हणणं सोपं आहे. पण ती तिच्या वीस वर्षांच्या अनुभवावरून मत देतेय आणि ते मत नवऱ्याने कधी विचारलेलं नसतं. त्याला वाटतं आणखी दोन एकर घ्यावेत. तिला वाटतं आहेत तेवढ्यातच पाणी नीट करावं आणि पोराला शिकवावं. दोघंही 'घरासाठीच' म्हणतात, म्हणून दोघांना वाटतं आपलं ध्येय एकच आहे.

हे बोलायला गुढीपाडवा बरा. सालगड्याचं साल तेव्हा बदलतं, मार्चअखेर आसपासच असते. त्या दिवशी पुढच्या पाच वर्षांचं बोलताना एक प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारावा: तुला हे काम स्वतःच्या हाताने अजून किती वर्षं करायचंय? उत्तरं वेगळी येतात. ट्रॅक्टर आल्यापासून नांगरटीचं त्याचं काम कमी झालं. बसून करायची खुरपणी, वेचणी, लागण मात्र अजून तिच्याच गुडघ्यांवर आहे. चाळिशीतच गुडघे गेलेल्या बायका प्रत्येक गावात आहेत. तरी घरात पहिलं मोठं यंत्र येतं ते ट्रॅक्टरच, हप्ते पाच-सात वर्षांचे. पॉवर विडर, म्हणजे तण काढायचं छोटं यंत्र, ट्रॅक्टरच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात येतो, पण यादीत तो खाली असतो, कारण यादी करणारा खुरपायला बसत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर त्याच्या अनुदानासाठी अर्ज करता येतो. महिला शेतकऱ्याला अनुदान ५० टक्क्यांपर्यंत आहे, अल्पभूधारकालाही तेवढंच. फक्त अर्ज तिच्या नावाने करायचा तर सातबाऱ्यावर तिचं नाव असावं लागतं.